डॉमिनार, बॅगा आणि साडी गार्ड

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला बजाजचा कारखाना आहे. पल्सर तिथली, केटीएमची ड्यूक तिथली, डॉमिनार तिथली, आणि २०२३ पासून ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा तिथलीच. शहरातली पोरं ज्या गाड्यांवर लडाखला जातात त्यांतल्या बऱ्याच आमच्या रस्त्यावर तयार होतात. चाकणच्या कंपन्यांमध्ये, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये, जुन्नर-आंबेगावची पोरं शिफ्टला असतात. शिफ्ट सुटली की ही पोरं घरी निघतात ती मात्र स्प्लेंडरवर.

२०२५ ची दिवाळी झाल्यावर निमगाव सावातल्या आमच्या शेजारच्या घरात यावरून वाद पेटला. पुतण्या चाकणला वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तिथं खोली आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा तो गावी येतो. त्याला स्प्लेंडर सोडून डॉमिनार ४०० घ्यायची होती, वर बॅगा, काच, दिवे वगैरे. चुलते, म्हणजे नाना, आयुष्यभर दूध घातलेला माणूस. पैसे पुतण्याचे, पण विचारल्याशिवाय घ्यायची रीत त्या घरात नाही. मी चहाला जायचो आणि ऐकायचो. ऐकलेलं खाली थोडं नीट लावून दिलंय. दोघांपैकी कुणाच्या बाजूनं मी आहे ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही, पण ते ठिकठिकाणी बदलतं.

नाना : स्प्लेंडरला काय झालंय?

पुतण्या : काहीच नाही.

नाना : मंग?

पुतण्या : नाना, मी रात्री निघतो. चौपदरीवर ऐंशी गाठली की स्प्लेंडर थरथरायला लागते. पुढं कांद्याचा टेम्पो, मागं ट्रेलर. टेम्पो काढायला गेलो तर मूठ पिळली तरी गाडी सरकत नाही. घरी उतरतो तेव्हा मनगटं बधिर झालेली असतात. सत्त्याण्णव सीसी, आठ घोडे. त्या गाडीचा दोष नाही, ती या कामाची नाही.

नाना : मी त्याच गाडीवर नगरला जाऊन आलोय.

पुतण्या : तेव्हा रस्ता दुपदरी होता आणि ट्रकसुद्धा साठनं चालायचे.

पुतण्याला हवी होती ती स्पोर्ट टुरिंगची गाडी. स्पोर्ट टुरिंग हा मधला प्रकार आहे. रेसच्या गाडीत माणूस टाकीवर ओणवा होतो, क्रूझरमध्ये पाय पुढं टाकून मागं रेलतो. इथं अंग किंचित पुढं, पाय किंचित मागं, छातीवर येणारा वारा अडवायला पुढं काच, आणि शंभरच्या वेगातही इंजिनाजवळ थोडा दम शिल्लक. तासन् तास एका लयीत जाता यावं आणि अंग मोडू नये, एवढाच त्याचा हेतू. काटेकोर बोलायचं तर डॉमिनारला पुढून पूर्ण आवरण नाही, त्यामुळे तिला कुणी टूरर म्हणतं, कुणी क्रूझर. पण ३७३ सीसी, चाळीस घोडे, पुढं ३२० मिलिमीटरची डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस हे सगळं दोनेक लाखांत देणारी दुसरी गाडी बराच काळ बाजारात नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा किंमत १.३६ लाखांपासून सुरू होत होती.

नाना : या गाड्या लांबच्या प्रवासाच्या. तुझा प्रवास किती? साठ किलोमीटर.

पुतण्या : तीन भारतीयांनी डॉमिनार आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत नेलीय. ९९ दिवसांत.

नाना : तिकडं ऊस नसतो.

या उत्तरावर मी हसलो, पुतण्या हसला नाही. नानांना काय म्हणायचंय ते त्याला बरोबर कळलं होतं. नोव्हेंबरपासून आमच्याकडे रात्रीचा रस्ता उसाचा असतो. पारगावचा भीमाशंकर कारखाना एकीकडं, शिरोलीचा विघ्नहर दुसरीकडं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. ड्रायव्हरच्या टेपवर गाणं इतकं मोठं की मागचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही.

थोडा हिशोब मी केला. ताशी ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते ट्रॉली आहे हे कळणं आणि बोटं ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरला तर तेहतीस मीटर असेच गेले. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी पस्तीसेक. म्हणजे सत्तरच्या आसपास. ताशी शंभरला हाच आकडा शंभर मीटरच्या जवळ जातो. डिपरच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडची काळी ट्रॉली दिसत नाही. चांगला ब्रेक नंतरचे मीटर कमी करतो, आधीच्या तेहतिसांना तो हात लावू शकत नाही. म्हणून पुतण्याचं ब्रेकबद्दलचं म्हणणं मला पटतं आणि वेगाबद्दलचं पटत नाही.

पुतण्या : स्प्लेंडरला पुढंमागं ड्रम. ओल्या रस्त्यावर मागचं चाक लॉक झालं की गाडी आडवी. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे, तो उगाच नाही.

नाना : मान्य. पण दम हाताशी असला की माणूस वापरतो. चाळीस घोडे दिलेत म्हणून कुणी दहा घोड्यांनी चालवत नाही.

पुतण्या : मी चालवीन.

नाना : तू नाय चालवणार. मीही नसती चालवली.

मग गोष्ट पैशावर आली. नाना पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

नाना : २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंत अठरा टक्के जीएसटी, त्याच्यावर चाळीस. तुझी ३७३. म्हणजे तेवीस सीसीपायी बावीस टक्के.

पुतण्या : नवी घेतच नाही. जुनी बघितलीय, २०२१ ची. त्या साली कंपनीनं टुरिंगचं सगळं सामान कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. उंच काच, हँडगार्ड, इंजिनाखालची प्लेट, लेगगार्ड, कॅरियर, मागच्याच्या पाठीला टेकण, फोनला चार्जिंग.

नाना : अडीचशेवालीही असते ना?

पुतण्या : असते. सत्तावीस घोडे आणि वजन १८०. म्हणजे वजन जवळजवळ मोठीएवढंच ओढायचं, दम दोन तृतीयांश.

नाना : आणि पेट्रोल?

पुतण्या : पंचवीस-तीसचं ॲव्हरेज देते.

नाना : स्प्लेंडर साठ देते. म्हणजे दुप्पट. टायर दुप्पट, चेन-स्प्रॉकेट दुप्पट, इन्शुरन्स दुप्पट. आणि हे सगळं मनगट बधिर होतं म्हणून.

पुतण्या : (थोडा वेळ गप्प बसून) आवडते मला ती गाडी.

नाना : हे आधी सांगायचं. हौस म्हणालास तर मी मध्ये पडणार नाही. गरज म्हणालास तर हिशोब मागणार.

मला वाटतं, वाद इथं संपायला हवा होता. संपला नाही, कारण नानांचा विरोध गाडीला नव्हताच. त्यांना घोळ दिसत होता तो गाडीवर काय चढवायचं यात, आणि त्या विषयात घरात त्यांच्याइतका जाणकार कुणी नव्हता. नानांकडे आधी बजाजचीच एम८० होती, हातात गिअर असलेली. गावातल्या लोहाराकडून त्यांनी तिला दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे करून घेतले होते आणि वीस-वीस लिटरच्या किटल्या अडकवून ते पहाटे डेअरीला जायचे. ॲक्सेसरी हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण नानांची एम८० कंपनीतून आली तशी एक दिवससुद्धा चालली नसेल. गावाकडं गाडी घेतली की ती अर्धवट घेतलेली असते. उरलेली अर्धी वेल्डिंगच्या दुकानात होते. शहरातल्या रायडरना हे आपण शोधून काढलंय असं वाटतं, ते वाटू द्यावं.

नाना : सामान कशात ठेवणार?

पुतण्या : टॉप बॉक्स. मागं कॅरियरवर, कुलूप लागतं, हेल्मेट आत मावतं.

नाना : किती लिटरचा?

पुतण्या : पंचेचाळीस.

नाना : नको.

पुतण्या : ऐकून तर घ्या.

नाना : तू ऐक. मी एकदा तिसरी किटली मागं कॅरियरवर बांधली होती. गाडी सुटली तशी हँडल हातात हलकं लागायला लागलं. वेग घेतला की पुढचं चाक डावं-उजवं करायचं. मी तिला हात लावतोय आणि ती माझं ऐकत नाही. त्याच दोन किटल्या खाली, चाकाच्या दोन बाजूंना असल्या की गाडी जड व्हायची, पण सरळ जायची. वजन खाली पाहिजे आणि दोन्हीकडं सारखं पाहिजे. एक किटली आधीच्या डेअरीवर रिकामी केली की घरापर्यंत गाडी एका अंगाला ओढायची.

यात एक शब्द बदलायची गरज नाही. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या मागं आणि उंच गेलं की ते पुढचं चाक उचलतं. पुढच्या टायरची पकड कमी होते आणि वेगात हँडल झुलायला लागतं. म्हणूनच बऱ्याच टॉप बॉक्सच्या झाकणात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाच किंवा दहा किलोच्या वर नको आणि अमुक वेगाच्या वर नको. खोका पंचेचाळीस लिटरचा आणि भरायचं पाच किलो, हे कुणी पाळत नाही. पुतण्यानं फोनवर शोधलं, वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

पुतण्या : मग सॅडल बॅगा. दोन्ही बाजूंना, कापडी.

नाना : आता बोललास. पण त्या लटकवणार कशावर? चाकात नाय का जाणार?

पुतण्या : स्टे मिळतो, पाइपचा. त्याच्यासाठी डावीकडचा साडी गार्ड काढावा लागेल.

सूनबाई, म्हणजे पुतण्याची बायको, इतका वेळ आतून ऐकत होत्या. साडी गार्डचं नाव निघालं तशा बाहेर आल्या.

सूनबाई : साडी गार्ड काढायचा? आणि आत्यांना मंचरला दवाखान्यात कोण नेणार? नऊवारीत बसतात त्या, एका बाजूला पाय सोडून. पदर चाकात गेला म्हणजे?

पुतण्या : आई त्या सीटवर बसणारच नाही. मागची सीट उंच आहे.

सूनबाई : तेच विचारतेय मी. मग कशी गाडी घेताय, जिच्यावर आई बसणार नाही?

साडी गार्डची ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टुरिंगचं सामान बसवताना बरीच पोरं पहिलं काम करतात ते ती जाळी काढून टाकण्याचं, कारण ती गाडीला घरगुती करते. पण ती दिसण्यासाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागं बसणाऱ्याला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं हवं, कपडा अडकू नये म्हणून. गाड्यांच्या जाहिरातीत मागं कुणी बसलेलं नसतं. आमच्याकडं गाडीवर एकटा माणूस फक्त कामाला जाताना दिसतो. लग्न, दवाखाना, यात्रा, बैलगाड्याची शर्यत, सगळीकडं मागं कुणीतरी असतंच, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा साडीत असतं.

पुतण्या : बरं, गार्ड ठेवतो. स्टे त्याच्या बाहेरून घेतो.

सूनबाई : आणि स्प्लेंडर विकायची नाही. ती मी वापरणार. मला गिअरची येते.

नाना : हे कधी शिकलीस?

सूनबाई : तुम्ही शेतावर असता तेव्हा.

या वाक्यानं निम्मा वाद निकाली निघाला हे तिघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही. डॉमिनारचा पैसा उभा करायला पुतण्या स्प्लेंडर विकणार होता, तो बेत बारगळला. पण आईच्या दवाखान्याचा प्रश्न सुटला, आणि सुटला तो पुतण्या किंवा नाना सोडवतील असं वाटलं होतं तसा नाही.

दिव्यांवर मात्र अजून एकमत नाही. पुतण्याला लेगगार्डवर दोन जादा एलईडी हवेत, चाळीस-चाळीस वॅटचे.

पुतण्या : बेल्ह्यापासून इकडं दोन्ही बाजूंना ऊस. बिबट्यानं दुचाकीवर झेप घेतल्याच्या बातम्या तुम्हीच वाचून दाखवता.

नाना : बिबट्या बाजूनं येतो. तुझा उजेड समोर. आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात तो सुरी घातल्यासारखा जातो. मला एका डोळ्यानं कमी दिसतं, मला विचार. तो आंधळा झालेला माणूस तुझ्याच अंगावर येणार.

पुतण्या : खाली वळवून लावीन. पिवळे घेईन. समोर गाडी दिसली की बंद.

नाना : पहिल्या आठवड्यात करशील.

पुतण्या : वायरिंग तरी नीट होईल. वेगळा रिले, वेगळा फ्यूज, बॅटरीवरून वेगळी वायर. गाडीचा हार्नेस कापणार नाही. दिवसभर तेच काम करतो मी.

मला विचारलं तर मी जादा दिव्यांच्या आधी मूळ दिव्याची काच पुसायला आणि त्याचा कोन नीट करायला सांगेन. बॅगा भरून मागं माणूस बसला की गाडीचं मागचं अंग दबतं आणि हेडलाइट आभाळ दाखवायला लागतो. मागचा शॉकॲब्सॉर्बर एक-दोन खाचा कडक करायचा आणि भरल्या गाडीत हवा किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात बघायचं. यात पैसा लागत नाही, म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानात हे कुणी सांगत नाही.

बाकीचं पटापट झालं. सायलेन्सर बदलायचा नाही, हे पुतण्याच म्हणाला. पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिलाय. फोन हँडलवर लावायचा तर धक्का शोषणारा स्टँड घ्यायचा, कारण मोठ्या इंजिनाच्या थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलनंच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. उंच काच राहू द्यायची. थंडीत पहाटे चाकणला जाताना ती छातीची शाल आहे. हँडगार्डही राहू द्यायचे. लेगगार्डवर नाना कधी नव्हे ते लगेच हो म्हणाले. पडली गाडी तर १९० किलो नडगीवर नकोत. आणि या सगळ्याच्या आधी आयएसआयचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट, हातमोजे, कोपर-खांद्याला कवच असलेलं जॅकेट. जॅकेटची किंमत ऐकून नाना म्हणाले, "एवढ्यात शेळी येते." पुतण्या म्हणाला, "शेळी घालून पडता येत नाही." मला यावर काही सुचलं नाही.

जुनी गाडी बघायला नाना स्वतः गेले. मालक नव्या टायरसारखी चमक दाखवत होता, नाना गुडघ्यावर बसून टायरच्या कडेचे चार आकडे वाचत होते. २३२१. म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण चार वर्षांत रबर कडक झालेलं. टायरचे पैसे किमतीतून वजा झाले. मग पुढच्या फोर्कवर बोट फिरवून तेल गळतंय का ते बघितलं, हँडल सरळ धरून डावीकडं-उजवीकडं हळू फिरवलं, मध्ये कुठं अडकतंय का ते बघायला. चेन मागून ओढून बघितली. गाडी थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगितली.

नाना : कर्ज होतं का गाडीवर?

पुतण्या : होतं. फिटलंय म्हणतो.

नाना : म्हणतो नको. बँकेचं फॉर्म ३५ घे. नावावर करायला २९ आणि ३०. पासिंग एमएच १४ चं आहे, आपलंही तेच, म्हणजे एनओसीची भानगड नाही. पैसे अर्धे आता, अर्धे आरसी नावावर झाल्यावर.

पुतण्या : तो ऐकेल?

नाना : नाय ऐकला तर चाकणला गाड्या थोड्या बनतात का?

मालक ऐकला. गाडी दारात आली आणि दुसऱ्याच दिवशी नवा वाद लागला, बॅगांच्या स्टेवरून. पुतण्याला तयार स्टे मागवायचा होता, बोल्टनं मूळ जागी बसणारा. किंमत बघून नानांनी टेप काढला.

नाना : आपल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ. अर्ध्या पैशात, पावडर कोटिंगसकट.

पुतण्या : नाना, फ्रेमला वेल्डिंग मारायचं नाही. पत्रा जळतो, बॅटरीतून करंट जातो, ईसीयू उडतो.

नाना : फ्रेमला कोण मारतंय? पट्ट्या करायच्या, तुझ्या कॅरियरच्या बोल्टात बसवायच्या. काढता आल्या पाहिजेत. साडी गार्डला धक्का लावायचा नाही.

पुतण्या : अँगलचं नको, जड होईल. पाइप. अर्धा इंच.

नाना : अर्धा इंच वाकतो. पाऊण घे. आणि उजवीकडं सायलेन्सर आहे, बॅगेच्या आणि त्याच्या मध्ये चार बोटं जागा सोड, पत्र्याची आडपट्टी मार. नाहीतर मंचरला पोहोचेपर्यंत बॅगेला भोक पडेल.

पुतण्या : मग डावीकडची बॅगही तेवढीच बाहेर घ्यावी लागेल. दोन्हीकडं सारखं पाहिजे म्हणालात ना.

नाना : मंग घे की. टेप धर तिकडून.